पुस्तकं कोणी दिली?

आमच्या धंद्यात एक सवय लागते. काही बिघडलं की माणसांना विचारत बसायचं नाही, आधी लॉग उघडायचा. माणसं आपापल्या सोयीचं सांगतात. लॉग सगळं सांगतो असं नाही, पण जे सांगतो ते त्या त्या क्षणी लिहिलेलं असतं. इतिहासात असा लॉग क्वचित हाती लागतो. राजांचे शिलालेख मिळतात, संतांची चरित्रं मिळतात. पण १७०० वर्षांपूर्वी सरकारी माणसं एका घरात शिरली, तिथे कोण काय बोललं, कोणी काय काढून दिलं, याची ओळीनं नोंद मिळावी हे नवलच.

तारीख १९ मे ३०३. गाव सिर्ता, म्हणजे आजचं अल्जीरियातलं कॉन्स्टंटीन. तेव्हा हा रोमन आफ्रिकेतला न्युमिडिया प्रांत. गावचा कारभारी मुनाटियस फेलिक्स कारकुनांना घेऊन ख्रिस्ती लोक जमायचे त्या घरी आला आणि बिशप पॉलला म्हणाला की तुमचे धर्मग्रंथ आणि जे काही असेल ते बाहेर काढा, हुकूम आहे. मग पंचनामा सुरू झाला. हो, पंचनामाच, दुसरा शब्द नाही. सोन्याचे प्याले २, चांदीचे प्याले ६, चांदीचे तांबे ६, चांदीचं एक पातेलं, चांदीचे दिवे ७, साखळीला टांगायचे पितळी दिवे ११, बायकांचे अंगरखे ८२, डोक्यावरून घ्यायची वस्त्रं ३८, पुरुषांचे अंगरखे १६, पुरुषांच्या वहाणांचे १३ जोड, बायकांच्या वहाणांचे ४७ जोड.

मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या ४७ जोडांपाशी अडकलो. एवढे कपडे आणि वहाणा बहुधा गोरगरिबांना वाटायला ठेवलेल्या असणार. म्हणजे ही मंडळी काही राज्य उलथवायला बसली नव्हती.

पण सरकारला हवी होती पुस्तकं. कपाटं उघडली तर रिकामी. सिल्व्हानस नावाच्या उपडीकनानं चांदीची एक पेटी आणि एक दिवा शोधून आणून दिला. त्यावर कारकून त्याला म्हणाला की हे सापडलं नसतं तर तू मेला होतास. कॅटुलिनस नावाच्या दुसऱ्या उपडीकनानं एक जाडजूड ग्रंथ आणला. एकच का? तर बाकीचे वाचकांच्या घरी आहेत. 'वाचक' म्हणजे उपासनेत धर्मग्रंथ मोठ्यानं वाचून दाखवणारे. त्यांची घरं दाखवा म्हटल्यावर दोन उपडीकन अडून बसले. आम्ही फितूर नाही, हवं तर मारून टाका, असं त्यांचं उत्तर नोंदवलेलं आहे. त्यांना अटक झाली. बिशपनं मात्र सोपी वाट काढली होती. वाचक कोण ते तुमच्या कचेरीतल्या कारकुनांनाच ठाऊक आहे, असं सांगून तो मोकळा झाला.

मग वरात घरोघर निघाली. एकानं ४ ग्रंथ दिले, एकानं ५, एकानं ८. व्हिक्टर नावाच्या लॅटिनच्या मास्तरानं २ ग्रंथ आणि ४ सुटी चोपडी दिली. एकाचा नवरा घरी नव्हता, तर बायकोनं ६ आणून ठेवले. तरी घराची झडती झालीच. या झडत्यांमध्ये कोणी मारलं गेल्याची नोंद नाही. दिवस संपला, सगळे आपापल्या घरी. बहुतेक सगळ्यांनी पुस्तकं दिली होती.

या एका कृत्यावरून आफ्रिकेतली ख्रिस्तसभा पुढची शंभरावर वर्षं दुभंगलेली राहिली. आज त्याबद्दलच लिहितोय, कारण चुकलेल्याला माफ करणं आणि स्वतः निर्मळ राहणं या दोन्ही गोष्टी ख्रिस्ती धर्म एकाच दमात मागतो, आणि त्या एकमेकींशी किती भांडू शकतात हे इथे जितकं उघड दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

आधी हुकूम कसला होता ते सांगतो. फेब्रुवारी ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियननं निकोमिडियाहून (आजचं तुर्कस्तानातलं इझमित) फर्मान काढलं: ख्रिस्ती प्रार्थनाघरं पाडा, धर्मग्रंथ जाळा, ख्रिस्ती लोकांचे हुद्दे आणि हक्क काढून घ्या. छापखाना यायला हजारावर वर्षं बाकी होती, त्यामुळे एकेक प्रत हातानं लिहिलेली, महाग, आणि सगळ्या मंडळीची मिळून. ज्यांनी ती दिली त्यांना लोक 'ट्राडिटोर' म्हणू लागले, म्हणजे 'हवाली करणारा'. इंग्रजीतला ट्रेटर हा शब्द त्याच मुळातून आलाय. लॅटिन बायबलात यहूदानं येशूला पकडून दिलं तिथेही हेच क्रियापद आहे. तेव्हा ही शिवी किती झोंबत असेल बघा.

आता सिर्त्याचे लोक वाचले तर वाचले, त्यात काय मोठंसं, असं आपल्याला वाटेल. मला तसंच वाटलं होतं, पण त्याच उन्हाळ्यातली दुसरी नोंद बघा. थिबियुका गावचा बिशप फेलिक्स. (त्या काळी आफ्रिकेत निम्मे लोक फेलिक्स, व्हिक्टर नाहीतर डोनाटस. एका ऑफिसात चार अमित असतात तसं. इलाज नाही.) तर या फेलिक्सला विचारलं, पुस्तकं आहेत का? तो म्हणाला, आहेत, पण देणार नाही. झालं, जुलै ३०३ मध्ये त्याचं डोकं उडवलं. अबितिना गावात बिशपनं स्वतः पुस्तकं दिली. पण त्याच गावचे ४९ बायकापुरुष बंदी असूनही एका घरात उपासनेला जमले, धरले गेले आणि ३०४ साली कार्थेजच्या तुरुंगात गेले. छळ आणि उपास यांनी त्यांचे हाल झाले. त्यांची जी कथा पुढे लिहिली गेली तिच्यात ते म्हणतात की ट्राडिटोरांशी जो संबंध ठेवील त्याला आमच्याबरोबर स्वर्गात वाटा नाही.

छळ संपला. समजा तुमचा भाऊ त्या तुरुंगात गेला. रविवारी तुम्ही उपासनेला जाता, आणि समोर भाकर हातात घेऊन उभा असतो तो पुस्तकं देऊन घरी गेलेला माणूस. तुमच्या मुलाच्या डोक्यावर तो बाप्तिस्म्याचं पाणी घालणार. चालेल? 'माफ करा, पेत्रानंही तीनदा येशूला नाकारलं होतं' असं सांगणं सोपं आहे. पण माफ करायचं कोणी? पुस्तकं देणाऱ्याच्या मित्रांनी?

हा प्रश्न आफ्रिकेला नवा नव्हता. पन्नासेक वर्षांपूर्वी सम्राट डेशियसनं हुकूम काढला होता की प्रत्येकानं देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत हे दाखले पपायरसवर सापडलेत, चाळीसहून अधिक. मजकूर जवळजवळ एकसारखा: मी नेहमीच देवांना मानत आलो, आत्ताही तुमच्यासमोर बळी दिला, प्रसाद चाखला, कृपया सही करा. छापील फॉर्म भरल्यासारखं. अनेक ख्रिस्ती लोकांनी खरंच बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. संकट ओसरल्यावर हे सगळे परत दारात उभे.

कार्थेजचा बिशप सिप्रियन तेव्हा स्वतः लपून बसलेला, त्यामुळे त्याची बाजू जरा लंगडी. उलट जे तुरुंगात गेले होते ते मोठेपणानं माफीच्या चिठ्ठ्या वाटत सुटले. काही चिठ्ठ्यांवर तर 'अमुक आणि त्याची माणसं' एवढंच, म्हणजे वीस आले काय आणि तीस आले काय. सिप्रियन वैतागला. २५१ साली कार्थेजला बिशपांची सभा भरली आणि प्रकरणागणिक निवाडा करायचं ठरलं. नुसता दाखला घेणाऱ्याला चौकशीनंतर आत घ्यायचं. बळी देणाऱ्यानं दीर्घ प्रायश्चित्त करायचं, मरणाच्या दारात असेल तर त्याला मोकळं करायचं. पुढे नव्या छळाची चिन्हं दिसली तेव्हा प्रायश्चित्त करणाऱ्या सगळ्यांनाच आत घेतलं. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा विद्वान याला तयार झाला नाही. त्याचं म्हणणं, देव काय करायचं ते करील, ख्रिस्तसभेला ही माफी देण्याचा अधिकार नाही. त्याच्या अनुयायांनी स्वतःला ग्रीकमध्ये 'काथारोइ' म्हणवून घेतलं, म्हणजे शुद्ध. सोवळे म्हणा हवं तर.

सिप्रियनचा तोडगा मला आवडतो. त्यात काही महान आहे म्हणून नाही, तर तो कष्टाचा आहे म्हणून. काय केलंस ते सगळ्यांसमोर सांग, त्याची किंमत मोज, मग ये. २५८ साली सिप्रियन स्वतः रोमन तलवारीखाली गेला आणि त्याच्यावरचा पळपुटेपणाचा डाग पुसला गेला. पुढच्या भांडणात दोन्ही पक्ष त्याचंच नाव घेऊन लढले, ते वेगळं.

परत सिर्ता. ३०५ साल. छळ आफ्रिकेत मंदावलाय. पॉलच्या जागी नवा बिशप निवडायला न्युमिडियाचे दहाबारा बिशप एका घरात जमले. प्रार्थनाघरं अजून परत मिळालेली नव्हती. अध्यक्ष तिगिसिसचा सेकुंडस, प्रांतातला सर्वांत ज्येष्ठ. त्यानं सुचवलं की आधी आपण आपली चौकशी करू आणि मग दुसऱ्याला बिशप करू. उत्तम. एकेकाला विचारायला सुरुवात झाली. एक म्हणाला, मी नुसते कागद दिले, ग्रंथ शाबूत आहेत. दुसरा म्हणाला, मी वैद्यकाची पुस्तकं दिली. तिसऱ्यानं कबूल केलं की चारही शुभवर्तमानं आगीत टाकायला मला भाग पाडलं, मला क्षमा करा म्हणजे देवही करील. मग आला लिमाटाचा पुर्पुरियस. त्याला सेकुंडसनं विचारलं, तू आपल्या बहिणीच्या दोन मुलांना मारलंस असं म्हणतात? पुर्पुरियस काही मऊ माणूस नव्हता. तो उसळून म्हणाला की इतरांसारखा मी तुला घाबरेन असं वाटलं काय? तुलाही अधिकाऱ्यांनी धरलं होतं, पुस्तकं मागितली होती. तू कसा सुटलास ते सांग ना. काही दिल्याशिवाय सोडलं का तुला?

सभेत शांतता झाली असणार. तेव्हा सेकुंडसच्या पुतण्यानं काकाच्या कानी घातलं की हा निघून जाईल आणि फूट पाडील, बाकीचेही त्याच्यामागे जातील. देवावर सोपवा. सेकुंडसनं ते ऐकलं. तुमचं तुम्ही जाणा आणि देव जाणो, बसा, असं म्हणून चौकशी संपली.

हा वृत्तांत आपल्याला विरोधी पक्षाकडून मिळालाय आणि तो बनावट आहे असा आक्षेप पुढे घेतला गेला, हे सांगायला हवं. ऑगस्टीननं तो खरा धरला. मला त्यातलं संभाषण इतकं रोखठोक वाटतं की कोणी घरी बसून रचलं असेल असं वाटत नाही. पण हा माझा अंदाज. यांनी बिशप निवडला तो कोण? सिल्व्हानस. तोच, दिवा शोधून देणारा. लोक ओरडले की हा ट्राडिटोर आहे, दुसरा द्या. ऐकतो कोण.

तर ही झाली माफीची एक तऱ्हा. तू माझं झाक, मी तुझं झाकतो. दिसायला ती सिप्रियनच्या माफीसारखीच आहे, शेवटी दोन्हीकडे माणूस आत येऊन बसतो. फरक एवढाच की सिप्रियनकडे वही उघडी होती आणि इथे ती मिटून उशीखाली ठेवली. जे अन्याय सोसून आले त्यांना कोणी विचारलं नाही.

आणि आता खरी गंमत. ३११-१२ च्या सुमारास कार्थेजला केसिलियन बिशप झाला. सेकुंडस सत्तर बिशप घेऊन तिथे पोचला आणि केसिलियनची नेमणूक रद्द ठरवली. कारण? त्याला दीक्षा देणारा आप्तुंगाचा बिशप फेलिक्स ट्राडिटोर होता म्हणे! पडद्यामागे लुसिला नावाची श्रीमंत बाई होती. ती प्रभुभोजनाआधी एका हुतात्म्याच्या हाडाचं चुंबन घ्यायची, त्यावरून केसिलियन तिला बोलला होता, आणि तो राग तिनं विसरला नाही. तिच्याच घरच्या मायोरिनसला दुसरा बिशप नेमला गेला. त्याच्यानंतर आला डोनाटस, ज्याच्या नावानं हा पक्ष ओळखला जातो. प्रकरण सम्राट कॉन्स्टंटाइनपर्यंत गेलं. ३१३ ला रोममध्ये, ३१४ ला आर्ल शहरात निकाल केसिलियनच्या बाजूनं लागले. आप्तुंगाचा फेलिक्सही सरकारी चौकशीत निर्दोष सुटला. त्याच्याविरुद्धच्या पत्रात एकानं पदरची वाक्यं घुसडली होती. तरी डोनाटिस्ट हटले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही हुतात्म्यांची ख्रिस्तसभा, तुम्ही ट्राडिटोरांची.

१३ डिसेंबर ३२०. सिल्व्हानसचं त्याच्याच नुंदिनारियस नावाच्या डीकनाशी बिनसलं. डीकन गेला सरकारदरबारी, झेनोफिलस या अधिकाऱ्यापुढे. पहिला साक्षीदार व्हिक्टर, लॅटिनचा मास्तर. ओळखलंत ना? स्वतःची ओळख तो ऐटीत करून देतो: वडील नगरसभेचे सदस्य, आजोबा सैन्यात, आम्ही मूळचे मूर. सिल्व्हानसबद्दल? मला काही माहीत नाही. छळाच्या वेळी? मी डोंगरावर पळालो होतो. मग झेनोफिलसनं ३०३ चा पंचनामा वाचायला लावला. सतरा वर्षांपूर्वीचा तो कागद सरकारी दप्तरात होता! प्याले, दिवे, ४७ जोड, घरोघरची यादी, आणि तिच्यात मास्तरांचं नाव: २ ग्रंथ, ४ चोपडी. डोंगर कुठल्या कुठे गेला. त्यानंतर मास्तर बोलायला लागले.

बाकीचंही बाहेर आलं. लुसिलानं पैशाच्या ४०० थैल्या दिल्या होत्या, नावाला गोरगरिबांसाठी. गरिबांना काही मिळालं का असं प्रत्येक साक्षीदाराला विचारलं आणि प्रत्येकानं सांगितलं की नाही. पैसा बिशपांनी वाटून घेतला. कपडे धुण्याचा धंदा करणाऱ्या एका व्हिक्टरनं २० थैल्या मोजून धर्मगुरूपद घेतल्याचं निघालं. देवळातल्या सरकारी मालातले व्हिनेगरचे रांजणसुद्धा पळवले होते. आणि दप्तरात सापडली पुर्पुरियसची पत्रं. भाच्यांच्या खुनाचा आरोप असलेला हा माणूस सिल्व्हानसला कळकळीनं लिहितो की डीकनाशी समेट कर, शांती राख, बोभाटा होऊ देऊ नकोस. ख्रिस्ती क्षमेची भाषा सगळी तिथे आहे. सिल्व्हानस हद्दपार झाला.

हे वाचून डोनाटिस्टांना ढोंगी म्हणून निकालात काढण्याचा मोह होतो. मी काढणार नाही. चार पुढारी लबाड निघाले म्हणून खेड्यापाड्यातले हजारो लोक लबाड ठरत नाहीत. त्यांना आपल्या हुतात्म्यांची लाज राखायची होती. डोनाटिस्ट पंथ आफ्रिकेत बराच काळ जोरात होता, अनेक भागांत तोच बहुसंख्य होता. आणि त्यांचं तर्कशास्त्र आमच्यासारख्यांना चटकन कळेल असं आहे. ब्राउझरमधली सर्टिफिकेटांची साखळी आठवा. वरचं एक सर्टिफिकेट चोरीला गेलं की त्यानं सही केलेली खालची सगळी रद्द. ट्राडिटोर बिशपनं दिलेली दीक्षा रद्द, त्या दीक्षितानं दिलेला बाप्तिस्मा रद्द, खालपर्यंत. म्हणून ते आपल्याकडे येणाऱ्याला नव्यानं बाप्तिस्मा देत. डिस्क पुसून सगळं पुन्हा टाकायचं. सिप्रियननंही पाखंडी लोकांच्या बाप्तिस्म्याबद्दल असंच म्हटलं होतं, हा त्यांचा हुकमाचा एक्का.

याला उत्तर दिलं मिलेव्हिसचा ऑप्टाटस आणि नंतर हिप्पोचा ऑगस्टीन यांनी. साखळीच्या टोकाला बिशप नाहीच, ख्रिस्त आहे. पाणी दगडी पाटातून वाफ्यात जातं. पाटात काही उगवत नाही, वाफ्यात उगवतं. देणाऱ्याच्या चारित्र्यावर संस्कार अवलंबून असेल तर बिचाऱ्या घेणाऱ्यानं काय करायचं? प्रत्येक धर्मगुरूचा इतिहास तपासत बसायचा? सिर्त्याच्या खेड्यातल्या बाईला कुठून कळणार की तिच्या बिशपला दीक्षा देणाऱ्यानं पूर्वी काय केलं होतं? शेतात गहू आणि निदण एकत्रच वाढणार, कापणी देव करील, हा येशूचा दृष्टांत ऑगस्टीन पुन्हा पुन्हा पुढे करी. निर्मळ जगायचं ते तू जग. शेजाऱ्याच्या पापानं तू विटाळत नाहीस, जोवर तू त्याला मान डोलावत नाहीस.

मला हा युक्तिवाद पटतो. आणि डोनाटिस्टांनाही तो आतून पटला असावा, कारण त्यांच्यातच फूट पडली तेव्हा त्यांनी तेच केलं. ३९४ साली बगाई इथे त्यांच्या ३१० बिशपांनी मॅक्सिमियनच्या फुटीर गटाला सडकून शाप दिले. काही वर्षांनी त्यांतले दोन बिशप परत आले, तर त्यांना आहे त्या पदावर घेतलं, आणि त्यांनी मधल्या काळात दिलेले बाप्तिस्मेही चालवून घेतले. कोणालाही पुन्हा पाण्यात बुडवलं नाही. म्हणजे आपल्या माणसाला माफी होती. ऑगस्टीननं हे उदाहरण पुढे किती वेळा उगाळलंय, वाचणारा कंटाळतो.

इथे गोष्ट थांबली असती तर ऑगस्टीन जिंकला म्हणून टाळ्या वाजवता आल्या असत्या. पण नाही. डोनाटिस्टांमधल्या दांडगटांच्या टोळ्या चर्चवर हल्ले करत, धर्मगुरूंना मारत. कॅथलिक बाजूनं सम्राटाचा कायदा मागवला गेला. ४०५ मध्ये सम्राट होनोरियसनं एकीचा हुकूम काढला. ऑगस्टीन आधी जबरदस्तीच्या विरुद्ध होता, पण मग गावंच्या गावं कायद्याच्या धाकानं परत आलेली त्यानं पाहिली आणि त्याचं मत बदललं. लूकच्या शुभवर्तमानात मेजवानीचा यजमान नोकराला सांगतो की रस्त्यावरच्या लोकांना भाग पाडून आत आण. तो दृष्टांत त्यानं या कामाला लावला. आमंत्रणाची गोष्ट वॉरंट झाली. पुढच्या शतकांत त्या आधारावर काय काय झालं हा वेगळा आणि काळा विषय आहे.

जून ४११. कार्थेजच्या स्नानगृहात दोन्हीकडचे मिळून साडेपाचशेच्या वर बिशप. सम्राटाचा माणूस मार्सेलिनस पंच, आणि लघुलेखक प्रत्येक शब्द टिपताहेत. त्यानं बसायला सांगितलं तर डोनाटिस्ट म्हणाले की पाप्यांबरोबर आम्ही बसत नाही. मग तोही उभाच राहिला. कॅथलिकांनी आधीच लिहून दिलं होतं: आम्ही हरलो तर पदं सोडू, जिंकलो तर तुमचे बिशप आमच्याबरोबर बिशपच राहतील. हे औदार्य खरं होतं, यात शंका नाही. पण पंच कोणाचा होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. निकाल अपेक्षेप्रमाणे लागला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक खटला आला. डोनाटिस्ट टोळीनं रेस्टिट्यूटस नावाच्या कॅथलिक धर्मगुरूचा खून केला होता आणि इनोसेंटियस नावाच्या दुसऱ्याचा डोळा काढून बोट तोडलं होतं. त्यांनी गुन्हा कबूल केला. न्याय मार्सेलिनसकडे. रोमन कायद्यानं त्यांना मृत्यू होता. ऑगस्टीननं मार्सेलिनसला विनवणी करून लिहिलं की यांना मारू नकोस, डोळ्याबद्दल डोळा काढू नकोस, यांना जगू दे, काही उपयोगी कामाला लाव, पश्चात्तापाला वेळ मिळू दे. मला हा ऑगस्टीन आवडतो. इथे मेलेला माणूस त्याच्या बाजूचा होता, त्यामुळे ही माफी फुकटची नव्हती. आणि जानेवारी ४१२ मध्ये जो कायदा आला, ज्यात दर्जाप्रमाणे दंड ठरवला होता आणि शेतावरच्या कुळांना फटके मारमारून धर्मात परत आणायला सांगितलं होतं, त्याबद्दल त्याच माणसानं फारसा हात आखडला नाही. दोन्ही एकाच डोक्यात राहत होतं.

एक शेवटची नोंद. २० सप्टेंबर ४१८, सिझेरिया, म्हणजे आजचं अल्जीरियाच्या किनाऱ्यावरचं शर्शेल. ऑगस्टीन कामानिमित्त तिथे आला होता. त्या गावचा डोनाटिस्ट बिशप एमेरितस ४११ च्या सभेत आपल्या पक्षाच्या मुख्य वक्त्यांपैकी एक होता. आता त्याचं पद गेलेलं, चर्च गेलेलं, गाव आणि नातेवाईक कॅथलिक झालेले. ऑगस्टीन त्याला घेऊन चर्चमध्ये आला. लोक भरलेले, लघुलेखक तयार. ऑगस्टीननं त्याला भाऊ म्हणून बोलावलं, ये आमच्यात म्हणून विनवलं, तुझं पद तसंच राहील म्हणून सांगितलं. मग विचारलं की सभेत तुम्ही हरलात, तर काय ते बोल. एमेरितस एवढंच म्हणाला की मी हरलो की जिंकलो, सत्यापुढे हरलो की सत्तेखाली दबलो, ते सभेचे कागद सांगतील. ऑगस्टीननं विचारलं, मग इथे आलास कशाला? त्यावर एमेरितसनं लघुलेखकाला लिहून घ्यायला सांगितलं.

आणि मग तो काहीच बोलला नाही. ऑगस्टीन बराच वेळ बोलत होता, त्यानं पुन्हा मॅक्सिमियनचं उदाहरण दिलं, कागद वाचून दाखवले. एमेरितस शेवटपर्यंत गप्प बसून राहिला.